करडी बोलत नाही

दादासाहेब येळवंडे गाडीत बसायच्या आधी चपला काढत. दाराबाहेर, मातीवर, टाचेला टाच लावून. मग उजवा अनवाणी पाय आत जाई, मागून डावा, आणि त्यांच्या पत्नी जयमालाबाई त्या चपला उचलून डिकीत टाकत. नवी गाडी घरात आली की निघोजे गावात पहिले काही दिवस सगळेच असं करतात. लक्ष्मीच्या अंगावर पायताण घेऊन कसं बसायचं? मग एखाद्या दिवशी घाई होते, माणूस बूट घालूनच बसतो आणि लक्ष्मीची गाडी होते. दादासाहेबांच्या घरात वीस वर्षं उलटली तरी लक्ष्मीची गाडी झाली नव्हती.

लोक म्हणत, काय भक्ती आहे! भक्ती होतीच. पण खरी गोष्ट तळपायांची होती.

त्यांचे वडील गेनबा शर्यतीचा गाडा पळवायचे. खेड-चाकणच्या यात्रांमध्ये शर्यतीच्या घाटाखाली गेनबांचे बैल उभे राहिले, की माणसं हातातली भाकरी हातातच घेऊन कठड्याकडे धावत. बारी, म्हणजे गाड्याची धाव, सुटायच्या आधी गेनबा बैलांना थोपटत नसत, ओरडत नसत. जुवाजवळ अनवाणी उभे राहत आणि डोळे मिटत. खुरांची चुळबूळ मातीतून त्यांच्या तळव्यांना कळे. "डावा आज मनात न्हाई," असं पुटपुटत, आणि डावा खरोखर मागे राही. पोराला सांगत, "तोंडानं कुनीबी खोटं बोलंल, दादा. तळव्याला खोटं सांगता येत न्हाई."

पुढे जमीन कंपन्यांत गेली. जिथे गेनबांची ज्वारी डुलायची तिथे आता पत्रे दाबायच्या यंत्रांचा दणका चालतो. दादासाहेबांनी कामगारांची ने-आण करायला कंपन्यांत बसगाड्या लावल्या आणि संसार नीट उभा केला. गेनबा गेले, शर्यतींवर बंदी आली, बैलही गेले. गोठ्यात उरली ती अखंड दगडाची गव्हाण. पण घोडा गेला तरी मांड जात नाही म्हणतात. दादासाहेबांच्या तळव्यांना वेगाची भूक होती, आणि ती त्यांनी गाड्यांवर भागवली.

पहिली आली ती तांबडी. बाहेरून बघाल तर बँकेतल्या साहेबाची चार दारांची गाडी, मागे नारळाचं पोतं ठेवायला ऐसपैस डिकी. पण बॉनेटखाली टर्बो. पाय दाबला की आधी क्षणभर विचार करायची, बैल शेपटी उचलायच्या आधी करतो तसा, आणि मग अशी झेप घ्यायची की शेजारी बसलेल्याचा चहा शर्टावर. रस्त्यावरचा एक खडा तिने कधी लपवला नाही. स्टेअरिंग मनगटाला सांगायचं, ब्रेक तळव्याला.

दुसरी निळी. डिझेलवरची. तिची ताकद खालून यायची, नांगराच्या बैलासारखी, न बोलता, न थकता. वळणावर मात्र तोंड जड. तिला त्यांनी तळेगावच्या एका डॉक्टरला दिली आणि पुढे वर्षानुवर्षं ती रस्त्यात दिसली की मान वळवून बघत राहिले, परक्या घरी दिलेल्या लेकीकडे बघावं तसं. तांबडी मात्र विकली नाही. बैल गेल्यावर ती गोठ्यात गेली.

आणि तिसरी करडी, गेल्या दसऱ्याला आलेली. गिअर आपले आपण बदलणारी. ती विचार करायची नाही. मनात आलं की पोचलेली! सोनं लुटून झाल्यावर दादासाहेब तिला निमगावच्या खंडोबाला घेऊन गेले, भंडारा उधळला, आणि पुढच्या रविवारी पहाटे भीमाशंकरच्या रस्त्याला लागले. तिघींना त्यांनी त्याच वाटेवर तोललं होतं. तीच वळणं, तोच उतार, आणि मापही तेच, उजव्या पायाचा तळवा.

चाकणच्या चौकातल्या हॉटेलात या तोलामापाचं कीर्तन चाले.

"दादा, तिघींत पयला नंबर कुनाचा?" कुणीतरी मुद्दाम विचारी.

"आरं, तीन बायकांच्या नवऱ्याला असं चारचौघांत इचारत्यात व्हय?"

"आन् चौथीला, घरातलीला?"

"तिला नंबर न्हाई. ती पंच हाय!"

हॉटेल हसायचं. दादासाहेब कपाळाला हात लावायचे, जणू खरंच पकडले गेले.

संक्रांतीच्या सुमारास करडीचा ब्रेक बोलेनासा झाला.

ब्रेक लागत होता. गाडी थांबत होती. पण पूर्वी पायाखाली जी सळसळ यायची, डांबर कुठे गुळगुळीत, कुठे खडी, चाक कुठे सुटू बघतंय, ती येईना. उशीवर पाय ठेवावा तसं. दादासाहेबांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने वायर जोडली, पडद्यावर हिरवे आकडे पाहिले आणि म्हणाला, "सगळं ओके आहे, सर." दादासाहेब त्या पडद्याकडे असे बघत राहिले, जसं आजाऱ्याऐवजी कुंडली तपासणाऱ्याकडे बघावं.

मग ते भोसरीला भीमराजकडे गेले. भीमराजचं गॅरेज एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत. तांबडीचं इंजिन त्याने दोनदा उतरवून चढवलं होतं. घरचाच माणूस.

"भीमा, हिचा ब्रेक मेलाय."

भीमराज एक चक्कर मारून आला. "दादा, कडक हाय की. नवा दात आसावा तसा."

"परत जा. चप्पल काढून जा."

"काय राव दादा, गॅरेजात अनवानी? खिळं हायेत सगळीकडं." पण गेला. परत आला तेव्हा हसत होता. "बोलतीय की ती! गटाराच्या झाकनावरनं गेलो तर झाकनावरची अक्षरं वाचून दावली तिनं."

"तुझं पाय गेल्यात, भीमा."

"आसंल बाबा. दिसभर सिमेंटवर हुबा आसतो." भीमराजने वाद घातला नाही. दादांसाठी त्याने ब्रेकचं तेल बदललं, पॅड नवे घातले, पेडलवरचं रबरसुद्धा काढून दिलं. उघड्या लोखंडावर पाय ठेवून दादासाहेब घरी आले. लोखंडही गप्पच होतं.

तेव्हा त्यांनी एक सिद्धान्त मांडला. हॉटेलात, चहाचा कप उंच धरून. तांबडी निळीपेक्षा जास्त बोलायची, निळी करडीपेक्षा जास्त. प्रत्येक पिढीगणिक गाडी अबोल होत चाललीय. कॉम्प्युटर मधी आला, आता गाडी कॉम्प्युटरशी बोलते, माणसाशी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला आपला पोरगा आठवला, कुणाला टोमॅटोची चव. असं सर्वांना पटणारं दुःख हाती लागलं की माणूस ते पुन्हा तपासून बघत नाही.

त्याच आठवड्यात ते मारुतीच्या देवळातून एकाच चपलेवर घरी आले. दुसरी अर्ध्या वाटेत पायातून निसटली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. शेजारच्या तानाबाई ओट्यावरून ओरडल्या, "दादा, एक मारुतीला वाह्यली का काय?"

"व्हय काकू! म्हनलं, त्याला तरी कुटं जोड लागती, उडतच जातो तो!"

सगळे हसले. दादासाहेबही. जयमालाबाई जाऊन चप्पल घेऊन आल्या.

मग मोशीच्या सिग्नलला ते झालं. पुढे स्कूटरवर एक बाई, मागे दप्तर लावलेली मुलगी. दादासाहेबांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. करडी पुढेच सरकत राहिली आणि स्कूटरच्या मागच्या दिव्याला टेकून थांबली. टेकली फक्त. मुलीने मागे वळून पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसली. बाई मात्र कडाडली, "काका, झोपलात का?"

घरी येऊन त्यांनी किल्ली ताटाशेजारी आपटली. "इकतो तिला! उद्याच्या उद्या!"

"इका की," जयमालाबाई म्हणाल्या. "तांबडी हाय ना तुमची. ती तर बोलती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात गेले. तांबडीवरची ताडपत्री ओढली, चपला काढल्या, आत बसले. तोच वास, जुन्या सीटचा आणि थोडा कडब्याचा. चावी फिरवली. इंजिन खोकलं, मग जागं झालं. दादासाहेबांनी डोळे मिटले, गेनबा मिटायचे तसे, आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला.

काही नाही.

डावा पाय क्लचवर. तो क्लच, ज्याला भीमराज थट्टेने 'व्यायामशाळा' म्हणायचा. काही नाही. इंजिन धडधडत होतं. ते कानाला ऐकू येत होतं, कमरेला कळत होतं. तळव्याखाली मात्र सगळीकडे उशी.

समोरचा नट वाक्य विसरला तर चूक त्याची असते. पण एकामागून एक सगळेच गप्प झाले, तर आपणच बहिरे झालो नाही ना, हे नटाने स्वतःला विचारावं. दादासाहेबांनी त्या गोठ्यात ते विचारलं. डोळे उघडून खाली पाहिलं. पेडलवर रक्त होतं, चटईवर रक्त होतं. पाय वर घेऊन पाहिला तर तळव्यात बाभळीचा काटा खोलवर रुतून मोडलेला. केव्हाचा, देव जाणे. बैलांच्या खुरातले काटे ज्या हातांनी काढले त्याच हातांनी त्यांनी तो काटा उपसला. वाट पाहिली. कळ येईल, आता येईल.

कळ आली नाही. तेव्हा मात्र ते स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. दुखत नाही म्हणून.

चाकणच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटून झोपायला सांगितलं. "तळव्याला दोरा लावतो, काका. कळला की 'हो' म्हणा."

दादासाहेब वाट बघत राहिले. शेवटी म्हणाले, "लावा की, डॉक्टर."

"लावून झाला, काका. सगळीकडे."

साखरेने पायांच्या नसा खाल्ल्या होत्या. गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका, आहे ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. रोज पाय तपासा, अनवाणी अजिबात फिरू नका. आणि गाडी चालवणं बंद. हे शेवटचं डॉक्टरांनी सहज सांगितलं, पथ्यातलं लोणचं बंद करावं तसं.

घरी त्यांनी सांगितलं, "साखर जरा वाढलीय. गोळ्या दिल्यात."

घरात तेव्हा तेजल होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई सलिल कंपनीच्या कामाला जर्मनीला; तारखेच्या आधी येणार होता. पोर घरात पाऊल टाकताच दादासाहेबांनी जावयाला फोनवर शब्द दिला होता, "जावईबापू, निर्धास्त ऱ्हावा. माझी लेक, माझी गाडी आन् मी." साऱ्या गावाला त्यांनी तो शब्द ऐकवला होता. आता तो शब्द घशात काट्यासारखा अडकला, आणि हा काटा मात्र दुखत होता.

सांगून टाकायला काय हरकत होती? आपण दुरून सहज म्हणू. पण जमीन गेली तेव्हा दादासाहेब म्हणाले होते, पाय आहेत. बैल गेले तेव्हाही म्हणाले होते, पाय आहेत. आता काय म्हणायचं?

म्हणून त्यांनी जे जे सुचलं ते केलं. तळव्यांना मोहरीचं तेल चोळलं. गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, इतकं की फोड आले. तेही नंतर दिसले म्हणून कळले. खंडोबाला नवस बोलले. आणि बसगाड्या लावायच्या मोकळ्या प्लॉटवर करडी नेऊन, कुणी नसताना, ते पुन्हा गाडी शिकू लागले. नडगीला अजून कळत होतं, गुडघ्याला कळत होतं. मग गुडघ्याने चालवू! मान खाली घालून ते पायाकडे बघत, पाय ब्रेकवर आहे ना याची डोळ्यांनी खात्री करत, मग वर रस्त्याकडे बघत. खाली, वर, खाली, वर. आयुष्यभर ज्या पेडलांकडे कधी बघावं लागलं नाही, त्यांची पाठ केल्यासारखी जागा ध्यानात ठेवत. काही दिवसांनी ते जमलं. जमलं असं त्यांना वाटलं.

तेजलच्या कळा तारखेच्या आधीच सुरू झाल्या. एप्रिलची दुपार, पहिली शिफ्ट सुटायची वेळ. थोड्या वेळात पुणे-नाशिक रस्त्यावर बसगाड्यांची भिंत उभी राहणार होती. हॉस्पिटल चिंचवडला.

"ड्रायव्हरला फोन लावू का कुना?" जयमालाबाईंनी पिशवी भरता भरता विचारलं.

सांगून टाकायची ती एक वेळ होती. दादासाहेबांना ती वेळ दिसली, तिसऱ्या घंटेनंतर पडद्याची फट दिसावी तशी स्वच्छ दिसली. ते म्हणाले, "मी हाय की."

चपला काढल्या. आत बसले. गाडी सुरू केली, गिअर टाकला. खाली पाहिलं. पाय ब्रेकवर. वर पाहिलं. ओट्यावरून तेजल उतरत होती, एक हात पोटावर, दुसरा आईच्या खांद्यावर. ती गाडीपाशी आली, तिने मागच्या दाराच्या मुठीला हात घातला आणि कळ आली. ती "आई गं!" म्हणून वाकली. दादासाहेबांची मान गर्रकन मागे वळली. आणि मान वळताना पाय कुठे गेला, हे त्यांना कळलं नाही. कळणार कसं?

गाडी हलली. त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता.

करडी विचार करत नसे. मनात आलं की पोचलेली. तेजलच्या हातातून मूठ हिसकावली गेली, आणि पुढच्या क्षणी गोठ्याच्या दारातल्या त्या अखंड दगडी गव्हाणीवर तोंड आपटून गाडी थांबली. गव्हाण जागची हलली नाही. बंपर तडकला. इंजिन शांतपणे चालूच होतं.

तेजल उभी होती. जयमालाबाईंनी तिला मागून कवटाळलं होतं. तिचा हात अजून तसाच पुढे होता, मूठ धरल्यासारखा रिकामा. चाक तिच्या पावलापासून वीतभर अंतरावरून गेलं होतं. मातीत त्याचा माग होता.

दादासाहेबांनी दोन्ही हातांनी गाडी बंद केली. "मला पाय न्हाईत, जयमाला," ते म्हणाले. "कवाचं न्हाईत."

जयमालाबाई आल्या. त्यांनी दार उघडलं. सबंध संसारात जो आवाज त्या बाईने काढला नव्हता तो काढला.

"सरका! तिकडं सरका! माझ्या लेकीला बसवनार व्हता ह्यात? चप्पल गळून पडली तवाच कळाया पायजे व्हतं मला. सरका म्हन्ते ना!"

त्या बाजारहाटाला छोटी गाडी चालवत. दादासाहेब त्या गाडीला डबा म्हणायचे. करडीच्या स्टेअरिंगला त्यांनी बायकोला कधी हात लावू दिला नव्हता. 'ही अंगावर जाती, तुला न्हाई झेपायची.' ते तसेच आतल्या आत शेजारच्या सीटवर सरकले, हातांनी एकेक पाय उचलून. तेजल मागे आडवी झाली. जयमालाबाईंनी गाडी मागे घेतली, वळवली आणि निघाल्या.

कुरुळीला बसगाड्या होत्याच. जयमालाबाईंच्या पायात चपला होत्या आणि पाय पेडलवर अडखळत होता. एक आचका, दुसरा आचका. मागून तेजल कण्हली. तशी जयमालाबाईंनी चालत्या गाडीतच चपला पायांनी काढल्या आणि पायांनीच नवऱ्याकडे लोटल्या. दादासाहेबांनी वाकून त्या उचलल्या आणि मांडीवर घेतल्या. त्यानंतर आचका बसला नाही.

मोशीचा पूल आला. दादासाहेबांना राहवेना. "काय... काय म्हन्ती करडी?"

"गप बसा."

थोडं अंतर गेल्यावर, रस्त्यावरून नजर न काढता, जयमालाबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "खडी लागतीय. पायाला मुंग्या आल्यागत हुतंय."

दादासाहेबांनी चपला घट्ट धरल्या. त्यांचा उजवा पाय खाली चटईवर दाबला जात होता, प्रत्येक सिग्नलला, जिथे पेडल नव्हता तिथे.

हॉस्पिटलच्या दारात चाकांची खुर्ची आली. जयमालाबाईंनी त्यांच्या मांडीवरच्या चपला ओढून घेतल्या, पायात सरकवल्या आणि धावल्या. दादासाहेबांनीही दार उघडलं, पाय बाहेर काढला. तेवढ्यात खुर्चीतून तेजलने मान वळवली. चेहरा घामाने भिजलेला, ओठ दाताखाली. "आबा, उतरू नका! चपला घरी राहिल्यात. चटका बसेल, तुम्हाला कळणार नाही!"

खुर्ची आत गेली. काचेचं दार मिटलं.

दादासाहेबांनी पाय आत घेतला. त्यांच्या चपला निघोज्याच्या अंगणात होत्या, टाचेला टाच लावून. आज त्या उचलून डिकीत टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाहेर डांबर उन्हाने पातळ झाल्यासारखं चकाकत होतं. एक कुत्रं पंजे उचलत, उड्या मारत सावलीकडे पळालं. त्याला कळत होतं.

आत लेक होती, आणि ते दारात होते, आणि दहा पावलं चालून जाण्याची सोय नव्हती. मग ते आडवे वाकले, छाती ड्रायव्हरच्या सीटवर टेकवून, हात खाली घातला आणि ब्रेकच्या उघड्या लोखंडी पेडलवर तळहात ठेवला. दाबला.

पेडल कडक होता. आतून तो हाताला उलट दाबत होता, नव्या बैलाच्या मानेसारखा, जिवंत. भीमराज खरं बोलत होता.

दादासाहेबांनी हात काढला नाही. ते तसेच वाकून राहिले, पेडल दाबून, जणू हात सोडला तर उभी गाडी निघून जाईल.